रात्री फुलणाऱ्या फुलांची कुळकथा

निपाणी आणि इचलकरंजी यांच्या दरम्यान, दूधगंगेच्या खोऱ्यात बोरगाव वसले आहे. ऊस आणि तंबाखू ही या टापूची परिचित पिके. उन्हे कलली की शेतावरची माणसे घराकडे वळतात, गोठ्यात धारा निघू लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास परसातील काही झाडांची सकाळ होते. सांडपाण्याच्या ओलीवर वाढलेली गुलबक्षी चार-पाच वाजता आपल्या कळ्या उघडते. तिच्यामागून मोगरा जागा होतो. दिवेलागणीला निशिगंधाच्या छडीवरील एकदोन फुले उमलतात, अंधार दाटल्यावर रातराणी साऱ्या आळीला आपले अस्तित्व कळविते, आणि पावसाळ्यातील एखाद्या भाग्याच्या रात्री नऊ-दहाच्या पुढे ब्रह्मकमळ फुलते. शेवटी पहाटे पारिजातकाचा सडा पडतो आणि रात्रीचा हा दरबार बरखास्त होतो.

ही मिरवणूक इतकी ओळखीची आहे की, तिच्यातील मानकरी कोठून आले हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आजीने लावलेले झाड म्हणजे ते आजीच्या आजीनेही लावलेले असणार, असा एक सोयीस्कर समज असतो. तो तपासून पाहण्यासाठी एक कल्पना करावी. ज्ञानेश्वरांच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरचा एखादा पांथस्थ आज सायंकाळी बोरगावातील अशा एखाद्या अंगणात येऊन उभा राहिला, तर यांपैकी किती फुले त्याला ओळखता येतील?

मोगरा तो तत्काळ ओळखील. जाई आणि जुईही ओळखील. पारिजातकापुढे तो हात जोडील. गावतळ्यात रात्री उमलणारे पांढरे कुमुद त्याला ठाऊक असेल आणि केवड्याचा वासही त्याला नवा वाटणार नाही. परंतु गुलबक्षी, निशिगंध, रातराणी आणि ब्रह्मकमळ यांच्यापुढे तो स्तब्ध उभा राहील. या चौघांचे नावही त्याने ऐकलेले नसेल, कारण त्याच्या काळी ती या भूमीवर नव्हतीच. ती महासागरापलीकडे, अमेरिका खंडात फुलत होती, आणि त्या खंडाचा पत्ता आपल्याकडे कोणालाच नव्हता.

म्हणजे रात्रीच्या या बागेत दोन कुळे एकत्र नांदत आहेत. त्यांतील एक कुळ या मातीतले आणि दुसरे समुद्रमार्गे आलेले. त्यांची गाठ कशी पडली, ही कथा वनस्पतिशास्त्राइतकीच इतिहासाचीही आहे.

प्रथम जुन्या कुळाकडे पाहावे. या परिसरावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती तेव्हा, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने कोणकोणते उपभोग कसे घ्यावेत हे सांगताना त्यात उटणी आणि सुगंधी लेप यांच्याबरोबर फुलांच्या माळांनाही स्थान दिले आहे. सुवासिक फुलांची आवड ही या भागातील किती जुनी गोष्ट आहे, याची ही साक्ष. त्या सुवासात मोगऱ्याच्या कुळाचा वाटा मोठा होता आणि आजही आहे.

मोगरा, जाई आणि जुई ही तीन भावंडे पुष्कळांना वासाने ओळखता येतात, पण झाडाला फूल नसताना त्यांची गफलत होते. त्यांची खूण पानात आहे. मोगऱ्याचे पान एकटे, रुंद आणि तुकतुकीत असते व पाने समोरासमोर जोडीने येतात. जाईचे एकच पान सात-नऊ लहान दलांचे बनलेले असते आणि तिच्या कळीवर बाहेरून फिकट गुलाबी झाक दिसते. जुईच्या पानात मधले दल मोठे, तर बाजूची दोन दले अगदी कानाच्या पाळीएवढी चिमुकली असतात. तिच्या लॅटिन नावातही हा ‘कान’ आलेला आहे. कळ्या दिवसा टपोऱ्या होतात, सायंकाळी फुटतात आणि रात्री दरवळतात. म्हणूनच वेणीसाठी कळ्या दुपारनंतर खुडतात. दुपारी गुंफलेली वेणी केसांत माळल्यावर उमलावी, हा त्यातला हिशेब. मोगऱ्याला या सीमाभागात दुसरे नावही आहे. कानडीत तो ‘दुंडुमल्लिगे’. आठवडी बाजारातील फूलवाली गिऱ्हाईक पाहून दोन्हींपैकी योग्य ते नाव घेते.

मोगऱ्याचा मान मराठीच्या इतिहासात आणखी एका ठिकाणी जपला गेला आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्यात मराठीची थोरवी सांगताना, फुलांमध्ये जशी मोगरी तशी भाषांमध्ये मराठी, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली आहे. परदेशातून आलेल्या माणसाने या भाषेसाठी फूल निवडले ते येथले, आणि तेही सायंकाळी उमलणारे.

पारिजातकाचे मोठेपण मात्र त्याहून जुने. समुद्रमंथनातून निघालेला, इंद्राच्या नंदनवनातून श्रीकृष्णाने आणलेला, सत्यभामेच्या अंगणात लावलेला आणि रुक्मिणीच्या अंगणात फुले सांडणारा असा हा वृक्ष. सवतीमत्सराची ही गोष्ट कीर्तनातून ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये असा सर्वत्र संकेत असताना, पारिजातकाचा अपवाद केलेला आहे. कारण उघड आहे. हे फूल तोडण्याची वेळच येत नाही. सूर्यास्तानंतर ते उमलते आणि उजाडण्यापूर्वी आपण होऊन देठासह खाली उतरते. झाड ओळखणेही सोपे. कोवळ्या फांद्या चौकोनी असतात आणि पान इतके खरखरीत की लाकूड घासण्याच्या कागदाची आठवण व्हावी. फळ चपटे, नाण्यासारखे गोल. त्यात दोन कप्पे आणि प्रत्येकात एक बी. पांढऱ्या पाकळ्यांखालच्या केशरी नळीपासून पिवळा-केशरी रंग निघतो व तो पूर्वी कापडासाठी वापरीत.

येथून या कथेला इतिहासाचे वळण लागते. पारिजातकाची कहाणी युरोपात पोचली ती आपल्या शेजारच्या गोव्यातून. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते. तेथील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. येथील औषधी, मसाले, फळे आणि झाडे यांविषयी त्याने जे पाहिले, ऐकले आणि तपासले, ते त्याने दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिले. हा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. गोव्यात छापखाना सुरू होऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती.

या संवादांपैकी एक संपूर्ण संवाद पारिजातकाला वाहिलेला आहे. पोर्तुगीज लोक त्याला ‘दुःखी झाड’ म्हणत, कारण दिवसा ते फुलांविना उदास दिसे. ओर्ताने त्याची लोककथा नोंदविली आहे, आणि ती श्रीकृष्णाची नव्हे. पारिजातक नावाच्या एका मोठ्या सरदाराची रूपवती कन्या सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्याने तिचा स्वीकार केला आणि मग तिला टाकून तो दुसरीकडे गेला. तिने प्राणत्याग केला. तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. याच फुलांच्या केशरी नळ्यांनी अन्नाला केशराप्रमाणे रंग आणतात, हेही ओर्ताने लिहून ठेवले. पुराणातील वृक्ष, लोकांतील दंतकथा आणि स्वयंपाकघरातील उपयोग या तिन्ही गोष्टी एकाच जागी टिपणारा हा निरीक्षक खरोखर विरळा होता.

त्याची स्वतःची कहाणी मात्र त्या झाडाहून दुःखी आहे. ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू. सक्तीने ख्रिस्ती झालेले. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळले. १५८० साली त्याच न्यायालयाने मृत ओर्तालाही दोषी ठरविले आणि त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. चर्चच्या इतिहासातील हे पान वाचताना कोणाही श्रद्धावंताची मान खाली जावी. परंतु ग्रंथ जळाला नाही. १५६७ सालीच क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये प्रसिद्ध केला होता आणि तो युरोपभर वाचला जात होता. आज पणजीच्या चर्चजवळील नगर-उद्यानाला याच गार्सिया द ओर्ताचे नाव आहे.

पुढल्या शतकात केरळच्या किनाऱ्यावर डच अधिकारी व्हान रेडे याने ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. पारिजातक त्यातही आहे. या कामी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने मोलाची माहिती पुरविली. फादर मॅथ्यू या कार्मेलाइट संन्याशाने चित्रे काढून कामाचा आरंभ करून दिला. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी ग्रंथांच्या व अनुभवाच्या आधारे वनस्पतींची पारख केली. त्या तिघांचे कोंकणीतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. युरोपात छापलेल्या नागरी अक्षरांच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. वैद्य, पंडित, संन्यासी आणि सरकारी अधिकारी एका पानापुढे डोकी जुळवून बसले, तेव्हा कोठे एका झाडाचे नाव निश्चित झाले.

मग १७५३ साली स्वीडनच्या लिनिअसने जगातील ज्ञात वनस्पतींना दुहेरी लॅटिन नावे देणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पारिजातकाचे नाव त्याने ठेवले ‘निक्टॅन्थिस आर्बर-ट्रिस्टिस’. पहिल्या शब्दाचा अर्थ रात्रीचे फूल आणि पुढल्या दोहोंचा अर्थ दुःखी झाड. गोव्यात कानी पडलेले नाव असे शास्त्रात कायम झाले. मौजेची गोष्ट ही की, लिनिअसने मोगऱ्यालाही याच ‘निक्टॅन्थिस’ गटात घातले होते. पुढे १७८९ मध्ये मोगऱ्याला जाई-जुईच्या पंक्तीत योग्य स्थान मिळाले. आणखी एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १७५३ च्या त्याच ग्रंथात गुलबक्षी, निशिगंध आणि रातराणी यांचेही नामकरण झालेले आहे. बोरगावच्या अंगणात एकत्र नांदणारी ही चार झाडे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एकाच ग्रंथात आधीच एकत्र आली होती!

आता समुद्रमार्गे आलेल्या कुळाकडे वळू. कोलंबसच्या १४९२ च्या प्रवासानंतर अमेरिकेतील वनस्पती जगभर पसरू लागल्या. मिरची, मका, बटाटा, पेरू, सीताफळ, अननस, काजू आणि भुईमूग ही त्यांतील पोटाला लागणारी मंडळी. परंतु जहाजांतून केवळ पोटाचीच सोय आली नाही. नाकाची आणि डोळ्यांचीही आली.

गुलबक्षी ही त्यांतील सर्वांत निगर्वी. कानडीत तिला ‘संजेमल्लिगे’, म्हणजे संध्याकाळची मल्लिका, असे समर्पक नाव आहे. गुलबास हे तिचे दुसरे मराठी नाव फारसी वळणाचे आहे. अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेल्या या झाडाला आपल्याकडे येऊन इतकी पिढ्या लोटल्या आहेत की, आज ते पेरावेही लागत नाही. मिऱ्यासारखे काळे, सुरकुतलेले बी जेथे पडेल तेथे रुजते. एकाच झाडावर दोन रंगांची किंवा पट्ट्यापट्ट्यांची फुले येतात, म्हणून लॅटिनमध्ये तिला ‘आश्चर्यकारक’ अशा अर्थाचे नाव मिळाले. या आश्चर्याने पुढे शास्त्राची सेवाही केली. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली गुलबक्षीच्या चट्टेरी पानांच्या झाडांवर प्रयोग करून असे दाखविले की, पानांचा तो रंग पुढील पिढीत केवळ मातृवृक्षाकडून उतरतो. परागाच्या बापाचा त्यात वाटा नसतो. आनुवंशिकतेचा एक महत्त्वाचा धडा सांडपाण्यावर वाढणाऱ्या झाडाने दिला.

निशिगंध हा मेक्सिकोचा. तेथील अझ्टेक लोक त्याच्या हाडासारख्या शुभ्र रंगावरून त्याला ‘अस्थिपुष्प’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या व्यवहारातून आला असे मानले जाते. गुलछडी, रजनीगंधा आणि कानडीत ‘सुगंधराज’ अशी राजेशाही नावे त्याने मिळविली. आज देवळातील पालखी, जैन बस्तीतील पूजा, दर्ग्यावरील चादर, चर्चची वेदी आणि विवाहाचा हार यांपैकी कोठेही त्याच्यावाचून अडते. चारशे-पाचशे वर्षांत इतक्या दारांतून आत गेलेले फूल दुसरे दाखविणे कठीण आहे.

रातराणीची गोष्ट निपाणी भागाला विशेष जवळची आहे, कारण ती तंबाखूची नातलग. वांगी, टोमॅटो, मिरची, तंबाखू, रातराणी आणि आपला जुना धोत्रा ही सगळी एकाच कुळातील. धोत्र्याचे कर्ण्यासारखे फूलही सायंकाळीच उघडते. तंबाखूच्या काही परदेशी जाती तर रात्रीच्या सुगंधासाठीच बागेत लावतात. बोरगावच्या शेतकऱ्याला तंबाखूचे फूल फारसे दिसत नाही. पानात जोर यावा म्हणून फुलोऱ्याआधीच शेंडा खुडला जातो. तंबाखू या मुलखात रुजली त्याची नोंद मोगल दरबारात सापडते. अकबराचा अधिकारी असदबेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून १६०४ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि रत्नजडित चिलीमही नेली. उत्तरेत ही वस्तू पूर्वी पाहिली नव्हती असे तो लिहितो. बादशहाने झुरका घेऊन पाहिला, हकिमाने विरोध केला आणि दरबारात वाद झाला. गोव्याच्या बंदरातून आलेली वनस्पती विजापुरास आधी आणि आग्र्यास नंतर पोचली, हे त्यावरून दिसते. सुगंधाची हौस असलेल्या याच विजापुरात, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळी, अत्तरे आणि सुगंधी द्रव्ये यांवर ‘इत्र-इ-नौरसशाही’ हा स्वतंत्र फारसी ग्रंथ लिहिला गेला होता. नव्या सुवासाला येथे दार उघडे होते ते उगाच नव्हे.

रातराणीविषयी एक समज दृढ आहे. तिच्या वासाने साप येतो असे म्हणतात. सापाला फुलांच्या वासाचे आकर्षण नाही. फुलांवर कीटक येतात, कीटकांवर पाली आणि बेडूक येतात, आणि दाट झुडपाखाली गारवा असतो. तेवढ्या कारणाने क्वचित साप आढळला तर दोष वासाचा नव्हे, झुडपाखाली साचलेल्या पालापाचोळ्याचा. तिची पांढरी फळे मात्र विषारी असतात; लहान मुलांना त्यांपासून जपावे.

ब्रह्मकमळाच्या बाबतीत घोटाळा झाला आहे तो नावाचा. हिमालयात साडेतीन-चार हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर उगवणारी, सूर्यफुलाच्या कुळातील एक वनस्पती ब्रह्मकमळ म्हणून पूजिली जाते. उत्तराखंडाचे राज्यपुष्प ते हेच. आपल्या गच्चीवरील कुंडीत रात्री फुलते ते ब्रह्मकमळ नव्हे, कमळही नव्हे. तो मेक्सिको आणि ग्वाटेमाला येथील वनांत झाडांवर वाढणारा एक बिनकाट्याचा निवडुंग आहे. आपण ज्यास त्याचे पान म्हणतो ते चपटे झालेले खोड असते. म्हणूनच ‘पानातून फूल’ आल्याचे नवल वाटते. केरळात यालाच ‘निशागंधी’ म्हणतात. तेव्हा नावावरून फूल ओळखण्यात किती धोका आहे ते ध्यानात यावे. एका गावचा निशिगंध हा दुसऱ्या गावच्या निशागंधीचा कोणीही लागत नाही.

तरीही बोरगावसारख्या गावात हे फूल उमलण्याच्या रात्री शेजारपाजारची मंडळी जमतात, कुंडीपुढे निरांजन ओवाळतात, मुलांना झोपेतून उठवून आणतात. शास्त्राने नाव चुकीचे ठरविले म्हणून त्या जमलेल्या मंडळींचा भक्तिभाव चुकीचा ठरत नाही. एका रात्रीपुरते, पहाटेपर्यंत कोमेजून जाणारे असे काही पाहण्यासाठी माणसे एकत्र येतात, एवढे त्या झाडाचे पुण्य पुरेसे आहे.

ही फुले रात्रच का निवडतात? दिवसा फुलणाऱ्यांचे गिऱ्हाईक मधमाशी आणि फुलपाखरू. त्यांना रंग दिसतो. रात्रीचे गिऱ्हाईक पतंग. अंधारात तांबडा-निळा रंग निरुपयोगी, म्हणून बहुतेक निशापुष्पे पांढरी किंवा फिकट असतात. दुरून वाट दाखवावी म्हणून वास उग्र, आणि मध लांब नळीच्या तळाशी, जेथे लांब सोंडेच्या पतंगालाच पोचता येते. अंगणात नवे झाड आले तर या चार खुणांनी त्याची परीक्षा करावी. कळी कोणत्या वेळी फुटते, रंग कोणता, वास केव्हा वाढतो आणि फुलावर कोण येते? एक वही घेऊन आठवडाभर वेळा टिपल्या तर मुलांनाही बागेचे घड्याळ तयार करता येईल. फुलांच्या वेळांवरून घड्याळ मांडण्याची कल्पना लिनिअसने १७५१ सालीच सुचविली होती.

हे ज्ञान केवळ हौसेचे नाही. परसातील वेलांना ते थेट उपयोगी पडते. दोडका आणि दुध्या भोपळा यांची फुले सायंकाळी उमलतात. पडवळाचे झालरदार पांढरे फूल रात्री. काकडी, कारले आणि घोसाळे यांची फुले मात्र सकाळची. दोडका आणि घोसाळे या सख्ख्या बहिणी, दोघींची फुले पिवळी, पण एकीची वेळ संध्याकाळ आणि दुसरीची पहाट! दोडक्याला फळ धरत नसेल तर नरफूल खुडून मादीफुलावर हळूच टेकवावे. पण हे काम सकाळी केल्यास व्यर्थ जाते, ते दिवेलागणीलाच केले पाहिजे.

लागवडीच्या बाबतीत दूधगंगेकाठच्या काळ्या जमिनीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजवते. म्हणून निशिगंधासाठी वाळू व कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफा करावा, एप्रिल-मे महिन्यांत कंद पाच-सात सेंटिमीटर खोल आणि वीस-तीस सेंटिमीटर अंतराने लावावेत. साधारण तीन महिन्यांनी छड्या येऊ लागतात आणि तोच वाफा तीन वर्षे चालतो. सुवासासाठी एकेरी पाकळीची जात घ्यावी, फुलदाणीसाठी दुहेरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ आणि बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ या एकेरी जाती प्रसिद्ध आहेत. रातराणीची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी पावसाळ्यात खोचली तरी जगते. बहर ओसरला की छाटावी. आणि ती निजण्याच्या खोलीच्या खिडकीशी लावू नये, कारण तिच्या उग्र वासाने काहींचे डोके दुखते. मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी द्यावी, म्हणजे उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो. ब्रह्मकमळाचा तुकडा कापल्यावर दोन-चार दिवस सावलीत ठेवून, चीर सुकल्यावर भुसभुशीत मातीत लावावा. त्यास कडक ऊन आणि फार पाणी दोन्ही सोसत नाहीत. फुलासाठी दोन-तीन वर्षे धीर धरावा. पारिजातक बियांपासून किंवा फांदीपासून होतो. त्याला भरपूर ऊन हवे आणि खाली स्वच्छ सारवलेली जागा हवी, कारण त्याचे दान तो तेथेच मांडतो.

या बागेवर नवे संकट आले आहे ते उजेडाचे. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांत रस्त्यांवरील दिव्यांसारखे दिवे लावून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. उजळलेल्या कुरणांत रात्रीच्या कीटकांच्या फुलांना होणाऱ्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. दिवसा मधमाश्या येत असूनही तेथील एका वनस्पतीची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली. आपल्या अंगणातही रात्रभर जळणाऱ्या दिव्याभोवती पतंग घिरट्या घालून मरतात आणि चार हातांवरील फुलाकडे कोणी फिरकत नाही. निजताना अंगणातील दिवा मालविला, तर विजेबरोबर फुलांचे पाहुणेही वाचतील.

आता त्या तेराव्या शतकातील पांथस्थाकडे परत येऊ. त्याला चार झाडे अनोळखी वाटली. पण त्या झाडांना आता परके कोण म्हणेल? बोरगावचा हा मुलूख चालुक्यांचा, यादवांचा, आदिलशाहीचा, मराठ्यांचा आणि इंग्रजांचा होऊन गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याला १९७३ साली कर्नाटक हे नाव मिळाले. आपले काय आणि दुसऱ्याचे काय, हा प्रश्न या मुलखात अनेकांच्या जिव्हारी लागलेला आहे. त्याचा निवाडा फुले करू शकत नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी सिद्ध केली आहे. झाड कोठून आले हे इतिहास सांगतो. ते कोणाचे, हे त्याला रोज पाणी घालणारा ठरवितो. गुलबक्षीला संजेमल्लिगे म्हटले म्हणून ती कोणाच्या अंगणात उशिरा उमलत नाही.

पहाटे तो पांथस्थ निघेल, तेव्हा कुंपणाशी वाकून कोणी पारिजातकाची फुले वेचत असेल. ते झाड त्याच्या ओळखीचे. शेजारीच गुलबक्षी कोवळ्या उन्हात मिटत असेल. तिचे दोन काळे दाणे त्याने कुतूहलाने उचलून कमरेच्या कशात बांधले, तर त्यात नवल नाही. आजवर फुले अशीच देशोदेशी गेली आहेत.